पंचांची उपेक्खा

मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत रोज सकाळी साठीकडं झुकलेला एक माणूस उलटा पळायचा. उलटा म्हणजे पाठ पुढं आणि तोंड मागं. खाकी हाफ पँट, पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात नाडीला बांधलेली शिट्टी. दूधवाले सायकल बाजूला घ्यायचे, म्हशी आपणहून भिंतीला लागायच्या. हा माणूस पळत लांब जायचा तरी बघायचा तुमच्याकडंच, त्यामुळं रामराम घालायला लोकांना भरपूर वेळ मिळायचा. ते हात वर करून "नमो बुद्धाय" म्हणायचे आणि न बघता बरोब्बर वळणावर वळायचे.

पहिल्या दिवशी मी घाबरून दाराआड झाले होते. नंतर कळलं की ते फुटबॉलचे पंच आहेत, आणि पंचानं बॉलकडं पाठ करायची नसते म्हणून ही सवय ठेवावी लागते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते माझे घरमालक होते. पेठ त्यांना पंच म्हणायची. तोंडावर सगळे आबा म्हणत, मीही म्हणायची.

मी कोल्हापुरात आले ती अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये. गडहिंग्लजच्या पुढं आमचं गाव. आमच्या घरातलं कॉलेजात जाणारं मी पहिलंच माणूस, त्यामुळं मला सोडायला आप्पा स्वतः आले. एका हातात तांदळाचं पोतं, दुसऱ्या हातात स्टोव्ह. खोली ओळखीतल्या एका बाईंनी सुचवली होती. दारावर पाचरंगी धम्मध्वज बघून आप्पा जरा थांबले. आम्ही लिंगायत. पंचांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या मावशींनी, पाण्याचा तांब्या पुढं केला तेव्हा आप्पा म्हणाले, उपास आहे.

आमच्या घरात उपास सोमवारी असतो. तो दिवस बुधवार होता.

पंचांनी तांब्या उचलला, स्वतः घटाघटा प्याले आणि म्हणाले, "बरं झालं पावणं, मला उपास न्हाय." मग माझ्याकडं वळून खोलीच्या खिडकीचं सांगू लागले. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी हा विषय पुन्हा कधी काढला नाही. पुढच्या खेपेला आप्पांनी चहा घेतला आणि त्याच्या पुढच्या खेपेला मावशींच्या हातचा झुणका खाऊन वर ताक मागून घेतलं. हे मध्ये कसं घडत गेलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

पंच नोकरीला महापालिकेच्या पाणी खात्यात, चावीवाले. लांब लोखंडी चावीनं रस्त्यातला व्हॉल्व्ह फिरवून ते एकेका भागाला पाणी सोडायचे. सगळ्यात शेवटी पाणी यायचं ते आमच्या गल्लीला. मावशी रोज त्याच वेळी त्याच आवाजात म्हणायच्या, "साऱ्या पेठंला पाणी आन आमचा हंडा पालथा. ह्या माणसाला घर सोडून समदं जग आपलं." पंच शांतपणे सांगायचे की पहिलं आपल्याच गल्लीला सोडलं तर लोक काय म्हणतील. हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

घरातही ते पंचच होते. खिशात दोन कार्डं असायची. पिवळं जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचं, लाल लग्नपत्रिकेचं. दिवा चालू ठेवून मी कॉलेजला गेले की संध्याकाळी दारात पिवळं कार्ड उंच धरून उभे. दोन पिवळी झाली की एक दिवस अंगण झाडायचं. मावशींना दोनदा लाल मिळालं. दुसऱ्यांदा त्यांनी ते हातातून काढून घेतलं आणि चुलीत घातलं.

आणि एक. ते "आपला" हा शब्द वापरत नसत. कोल्हापुरात हे फार अवघड आहे. इथं आपली तालीम, आपली पेठ, आपला रंकाळा, आपली मिसळ. माणूस ओळख करून देतो तोच या शब्दानं. पोरं मुद्दाम विचारायची, "आबा, औंदा आपली टीम कशी काय?" पंच विचारायचे, "कंची? दोन्हीबी गोलाकडंच पळत्यात की." पोरं खिदळायची. मावशींनी मला सांगितलं की याच माणसानं तरुणपणी तालमीच्या संघातून नऊ वर्षं गोलकीपर म्हणून उड्या मारल्या आहेत आणि ती जर्सी अजून ट्रंकेत आहे. मी एकदा दुपारी लवकर घरी आले तर पंच तीच जर्सी मांडीवर घेऊन बाहीचा उसवलेला टाका घालत होते. मला बघून त्यांनी वर वर्तमानपत्र धरलं.

कारगिलचं वर्ष आलं. माझा दादा सैन्यात, आणि तेव्हा वर सीमेवरच होता. तीन आठवडे पत्र नव्हतं. दादा पुढं ऑक्टोबरात सुखरूप घरी आला, ते आत्ताच सांगते. पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं. त्याच जूनमध्ये वर्ल्ड कपात भारत-पाकिस्तान मॅच होती. आख्खी गल्ली पंचांच्या टीव्हीपुढं बसली होती. मीही ओरडत होते. मॅच जिंकली तर दादा वाचेल असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. तेवढ्यात त्यांच्या एका बॅट्समननं सुंदर चौकार मारला आणि पंच म्हणाले, "काय मारला!"

मागून कुणीतरी विचारलं, "आबा, तुमी नक्की कुणाच्या बाजूचं?"

"मी अंपायरच्या," पंच म्हणाले.

सगळे हसले. मी हसले नाही, मला राग आला होता. पण मी त्यांच्या शेजारीच बसले होते आणि मला त्यांचे हात दिसत होते. खुर्चीच्या दांड्या त्यांनी अशा आवळल्या होत्या की शिरा वर आल्या होत्या. शेवटची विकेट पडल्यावर सगळे फटाके आणायला पळाले, आणि हा माणूस डोळे पुसत मोरीत तोंड धुवायला गेला.

जुलैत आमच्या तत्त्वज्ञानाच्या मॅडमनी आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेसाठी माझं नाव दिलं. मी तोवर माईक हातात धरला नव्हता. विषय होता "बौद्ध विचार आणि देशभक्ती". मॅडम म्हणाल्या, तू बौद्ध घरात राहतेस ना, तुला सोपं जाईल. मी हो म्हणाले. भीती होतीच, पण आनंदही असा होता की कुणाला सांगू आणि कुणाला नको.

पंचांना विचारण्याआधी आपण स्वतः अभ्यास करावा असं ठरवलं. लायब्ररीत दोन दिवस बसले. एका पालीच्या पुस्तकात चार ब्रह्मविहार सापडले: मेत्ता, करुणा, मुदिता, उपेक्खा. पहिल्या तिन्हींचं काय करावं कळेना, चौथा शब्द मात्र ओळखीचा वाटला. मी मोठ्या अक्षरात लिहिलं: "बुद्धाने मनुष्याला देशाची उपेक्षा करण्यास शिकवले आहे." लिहून झाल्यावर मला फार हुशार वाटलं. थोडं वाईटही वाटलं, दादा आठवून. बुद्ध असं म्हणत असेल तर मी बुद्धाच्या बाजूची नाही, असं मनाशी म्हटलं आणि कागद घेऊन पंचांकडं गेले.

त्यांनी चष्मा लावून ते वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. मग असे हसायला लागले की मावशी उलथनं घेऊन बाहेर आल्या.

"देशाची उपेक्षा? आगं खुळे, उपेक्षा तर आमची झाली, हजारो वर्सं. ती शिकवाय बुद्ध कशाला पायजे? ती गावचा पाटीलबी शिकवतोय."

मला त्या बुधवारचा तांब्या आठवला आणि मी खाली बघितलं. पण ते मला बोल लावत नव्हते, त्यांना खरंच गंमत वाटत होती. ते उठले, टोपलीतला एक कांदा घेतला आणि सोप्यात जमिनीवर मधोमध ठेवला.

"ह्यो बॉल," म्हणाले. "आता बघ. उप म्हंजे जवळ. ईक्ष म्हंजे बघणं. जवळ जाऊन बघणं, ही उपेक्खा." आणि त्या कांद्याभोवती वाकून गुडघे उचलत पळायला लागले. कांदा पायानं ढकलायला त्यांनी मला लावलं. कांदा जाईल तिकडं ते जात होते, दोन हात अंतर ठेवून, पण एकदाही पाय लावत नव्हते. "पंच लांब ऱ्हायला की चुकला. आन जवळ जाऊन लाथ मारली तरीबी चुकला. जवळ ऱ्हायाचं, नीट बघायचं, लाथ मारायची न्हाय. ह्ये हाय त्ये."

मी विचारलं, मग देशावर प्रेम करायचं नाही का? माझा आवाज जरा चढला असावा, कारण ते थांबले.

"मी कुठं म्हणलो? कर की. लई कर. दादा हाय तुजा तितं, तू न्हाय करणार तर कोण करंल? फकस्त शिट्टी त्या प्रेमाच्या तोंडात देऊ नको. त्ये लबाड आपल्याच बाजूनं फुकतंय."

त्या संध्याकाळी मला खोलीत बसवेना. मी चालत रंकाळ्यापर्यंत गेले आणि तशीच परत आले, वाटेत स्वतःशी मोठ्यानं बोलत. एकच शब्द, पण मराठीत येता येता तो बॉलपासून लांब जाऊन उभा राहिला होता. जवळून बघणं असा ज्याचा अर्थ, त्याचाच अर्थ आमच्याकडं न बघणं असा झाला होता. हे मला सापडलं आहे, मला, ज्या घरात वर्तमानपत्र येत नाही त्या घरातल्या मुलीला. मी जुना कागद फाडला आणि सगळं नव्यानं लिहायला घेतलं. आणि लिहिता लिहिता उदाहरणही मिळालं. ते तर मी डोळ्यांनी बघितलं होतं.

एप्रिल महिन्यातली फायनल. एका बाजूला आमच्या पेठेचा, म्हणजे तालमीचा संघ, दुसऱ्या बाजूला पलीकडच्या पेठेचा. कोल्हापुरात अशी फायनल असली की दुकानं अर्धी बंद असतात आणि नवरा-बायको वेगवेगळ्या पेठांतले असतील तर घरात अबोला असतो. पंच स्वतः आमच्या पेठेतले, तरी पलीकडच्यांनीच आग्रह धरला होता की शिट्टी आबांकडं द्या, दुसरा कुणी नको. मी आणि मावशी बायकांच्या कोपऱ्यात बसलो होतो. स्टेडियम इतकं भरलं होतं की लोक भिंतीवर पाय सोडून बसले होते. शेवटची पाच मिनिटं राहिली तरी गोल नव्हता. आमच्या गोलपुढं बॉल उंच आला, त्यांचा एक खेळाडू आणि आमचा बॅक संज्या एकदम उडाले, बॉल कशालातरी लागून खाली पडला, आणि शिट्टी वाजली. पंचांनी पेनल्टीच्या जागेकडं बोट दाखवलं. हँडबॉल.

आम्ही हरलो. पंच पोलीस न घेता पेठेतून चालत घरी आले. दारादारात माणसं उभी होती. त्यांनी आबांना वाट दिली. आबा खोटं देणार नाहीत हे पेठेला माहीत होतं, तेवढा त्यांचा दबदबा होता. आणि आबा खरे म्हणजे संज्या खोटा. त्यानं हात लावला. मग लावलाच का? म्हणजे फितूर झाला. दोन दिवसांत तालमीच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेलं दिसलं, "संज्या पेठद्रोही". त्याला संघातून काढलं. तो उद्यमनगरात लेथवर कामाला होता, तो मागच्या बोळानं जायला यायला लागला. त्याच्या आईला नळावर बायका विचारायच्या की पलीकडच्या पेठेत सोयरीक जमवलीया का ल्योकानं.

हे सगळं मला माहीत होतं. वाईटही वाटायचं. पण माझ्या भाषणात संज्या नव्हता, भाषणात फक्त पंच होते: स्वतःच्या पेठेविरुद्ध बोट दाखवणारा, मोहापलीकडं गेलेला माणूस. ते पान मी पाठ केलं होतं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास मी पंचांना आणि मावशींना सगळं भाषण उभं राहून म्हणून दाखवलं. मावशी डाळ निवडत होत्या. उपेक्खेपर्यंत पंच मान हलवत होते. फायनल आली तसा मी मॅडमनी शिकवल्याप्रमाणं आवाज उंच नेला. "ज्या पेठेच्या मातीत हा माणूस वाढला, त्या पेठेचं प्रेम त्यानं क्षणात बाजूला सारलं—"

"खोड," पंच म्हणाले.

मला वाटलं शब्द चुकला. मी कागदात बघितलं.

"त्ये समदंच खोड. ती पेनल्टी नव्हतीच."

मावशींनी सूप खाली ठेवलं.

ते माझ्याकडं न बघता सांगत होते. बॉल आमच्या गोलपुढं आला तेव्हा ते मधल्या रेषेपाशी होते. पाय भरून आले होते, पोचता आलं नाही. तिथून दोघांची पाठ तेवढी दिसली. "हात मला दिसला न्हाय. मग वाटलं, आपली पेठ हाय म्हणूनच दिसंना झालाय. सोडलं तर लोक म्हणतील आबानं पेठंला वाचीवलं. त्या भ्यानं वाजवली."

आपली पेठ. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

मी कसंबसं विचारलं, मग तीन महिने का बोलला नाहीत?

"लोक लई मान द्याय लागलं," ते म्हणाले. "आपल्याच माणसांला कमी दिलं की आपुन मोठं दिसतोय. त्याचीबी चटक लागती पोरी. मला वाटलं ही उपेक्खा हाय. तू त्यो कागद आणलास आन मी हसलो, पर रात्री मनात आलं, तू लिवलंतंस त्येच बराबर. माजी उपेक्षाच हाय. त्या पोराची."

मावशी एवढंच म्हणाल्या की तीन महिने माणूस अर्धी भाकरी ठेवून उठतोय, मला वाटलं पित्त.

मला काय वाटलं ते खरं सांगते. पहिल्यांदा वाटलं, उद्या सकाळी स्पर्धा आहे आणि माझं भाषण गेलं. संज्याचा विचार त्यानंतर आला. माझ्या तोंडावर पंचांना काय दिसलं कुणास ठाऊक, ते उठले आणि खुंटीवरचा सदरा घालायला लागले. कुठं, असं मावशींनी विचारलं. तालमीत, म्हणाले.

स्पर्धेचं काय झालं ते इथंच सांगून टाकते, कारण शेवटी सांगण्यासारखं ते नाही. मला बक्षीस मिळालं नाही. हॉल पोरांनी भरला होता, सगळ्यांना कारगिल ऐकायचं होतं. मी आदल्या संध्याकाळी जे बघितलं तेच सांगितलं. म्हटलं, माझा दादा वर आहे आणि माझा जीव तिथं टांगलेला आहे. असं प्रेम नाही असं म्हणणं हे सोंग होईल. पण त्या प्रेमानं न्याय करायला बसू नये. आणि आपण प्रेमाच्या पलीकडं गेलो आहोत हे दाखवण्यासाठीही न्याय करू नये, कारण त्यात आपलंच माणूस भरडतं. मधे दोनदा शिट्ट्या झाल्या. एकदा, थोड्या, टाळ्या. परीक्षकांनी शेऱ्यात "विषयांतर" असं लिहिलं. पण मी माईकपुढं सात मिनिटं उभी होते आणि एकदाही कागदात बघितलं नाही.

आता ती संध्याकाळ.

पंच पुढं, मी मागं. तालमीत मुलींनी जायचं नसतं, मी पायरीशीच थांबले. आत पंधरावीस पोरं होती, आखाड्याच्या कडेला म्हातारे वस्ताद बसले होते. पंचांनी उंबऱ्यातच उभं राहून सांगितलं, जसं आम्हाला सांगितलं तसंच, एक शब्द कमी नाही. मला वाटलं आता मारतात.

संघाचा कॅप्टन उठला आणि म्हणाला, "म्हंजे आपुन हरलोच न्हाई!"

आणि तालीम पेटली. कुणी हलगी काढली, कुणी चपला शोधायला लागलं. कप आपला हाय, आत्ता जाऊन आणूया, बघू कोण देत न्हाई ते. तीन महिने मान खाली घालून फिरलेली पोरं, त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. खोटं कशाला सांगू, हलगी वाजली तशी माझ्याही अंगावर काटा आला. पंच दारात दोन्ही हात पसरून उभे राहिले, तरुणपणी गोलमध्ये राहत असतील तसे.

"कप मागाय कोण जायाचं न्हाय. गोल नव्हता कुणाचाच. बरोबरीत हुतासा."

"आबा, आपल्यावर अन्याव झालाय की ओ!"

"आपल्यावर?" पंचांचा आवाज चढला. "संज्यावर झालाय. कुणी नाव तरी घेतलं का त्याचं? आन त्यो म्या एकट्यानं न्हाय केला. शिट्टी मी वाजवली. भिताडावर कोळसा कुणी वडला?"

हलगी थांबली. ज्यानं वाजवली तो तिच्याकडं बघत राहिला. आपल्यावर अन्याय झाला एवढं कळायचा अवकाश, सगळे उठले होते. ज्याच्यावर झाला त्याचं नाव कुणालाच आठवलं नव्हतं. मलाही नव्हतं आठवलं, माझ्या पाठ केलेल्या पानात. देशांचंही असंच होत असेल का, हा विचार मला तिथं पायरीवर आला आणि मी त्याला घाबरले, पण तो गेला नाही.

वस्ताद बसल्या जागेवरून म्हणाले, "बादली घ्या रं. भिताड धुवा." आणि मग पंचांना, "आन तू हितं काय करालायस? ज्याला सांगायचं त्याला सांग जा."

संज्याचं घर मागच्या बोळात, दोन खोल्यांचं. तो नुकताच कामावरून आला होता आणि दारातल्या दगडावर बसून साबणानं हातांचं ऑइल काढत होता. पंचांना बघून उठला नाही. पंचांनी तिसऱ्यांदा सगळं सांगितलं. संज्या हात चोळत राहिला. फेस काळा झाला तरी चोळत राहिला.

"छातीवर बसलता आबा," शेवटी तो म्हणाला. "दोन दिस वळ हुता." मग, "पर तुमी दिली म्हणल्यावर मलाच वाटाय लागलं, लागला आसंल हाताला. तुमी खोटी देत न्हाईसा न्हवं. आता इचारशीला तर मला सांगता यायचं न्हाई, कुठं लागला त्यो."



आतून संज्याची आई आली. कमरेवर एक घागर, हातात दुसरी. नळाला पाणी यायची वेळ झाली होती. तिनं सगळं ऐकलेलं होतं.

"झालं सांगून?" तिनं विचारलं.

"व्हय वैनी."

"हितं कुणाला सांगालायसा? माजं प्वार फितूर न्हाय ह्ये मला ठावं हाय." तिनं हातातली घागर पंचांच्या हातात दिली. "चला."

ती पुढं निघाली. पंच घागर घेऊन तिच्या मागं, त्यांच्या मागं मी. संज्या ओल्या हातांनी दारात उभा राहिला, मग तोही आला. नळावर दहाबारा बायका रांगेत होत्या. संज्याची आई रांगेत उभी राहिली नाही. ती सरळ नळापाशी गेली आणि म्हणाली, "आबा कायतरी सांगाय आल्यात. आइका."

पंच घागर छातीशी धरून उभे होते. पुटपुटल्यासारखं बोलले. संज्याच्या हाताला बॉल लागला नव्हता. मी लांब होतो. न बघता दिली. चूक माझी आहे, पोराची नाही. पुढच्या दोघीतिघी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिल्या. नळाखालची कळशी भरून वाहायला लागली तरी ती काढायचं कुणाला सुचलं नाही.

रांगेच्या टोकाला सोयरिकीचं विचारणारी बाई होती. तिनं शेजारणीला विचारलं, काय म्हणत्यात?

संज्याच्या आईनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "आबा," ती म्हणाली, "मागं ऐकू गेलं न्हाई."

पंचांनी घागर खाली ठेवली आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, आख्ख्या स्टेडियमला ऐकू जाईल अशा आवाजात.